वायफायचा पुस्तक-डबा चारचौघांत ठेवायचा असेल तर: लपवा, पण बेवारस करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रास्पबेरी पाय हा एका छोट्या बोर्डावरचा संगणक (पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) वापरून तुम्ही हातात मावेल एवढा वायफाय डबा केला आहे. त्याला इंटरनेट लागत नाही. जवळच्या माणसाने मोबाइल जोडला की डब्यातली पुस्तकं आणि ध्वनिफिती उतरवून घेता येतात. हा डबा बागेत, बसस्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर ठेवायचा आहे. तो कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून कशात लपवावा, याच्या भन्नाट कल्पना तुम्हाला हव्या आहेत.

कल्पना सांगतो, आणि सविस्तर सांगतो. गेली आठ वर्षं मी असे डबे बनवतो आहे. चहाच्या दुकानात, वाचनालयात, सलूनमध्ये, वारीत, सगळीकडे ठेवून पाहिले. काही टिकले, काही चोरीला गेले, एकाने मला पोलीस चौकी दाखवली. त्यामुळे कल्पनांच्या आधी खरा प्रश्न काय आहे तो नीट मांडतो, नाहीतर माझ्याच चुका तुम्ही नव्याने कराल.

'लपवायचा' म्हणताना आपण तीन निरनिराळ्या माणसांचा विचार एकत्र करतो. एक चोर. दुसरा उत्सुक माणूस, जो 'हे काय आहे बघू' म्हणत वायर उपटतो. आणि तिसरा घाबरणारा माणूस, ज्याला भिंतीआड बॅटरी, वायर आणि लुकलुकणारा दिवा दिसतो. पहिल्या दोघांपासून डबा जरूर लपवा. तिसऱ्यापासून लपवायला गेलात की घात होतो, कारण त्याला ती वस्तू सापडतेच, आणि ती जितकी शिताफीने दडवलेली असेल तितका तो जास्त घाबरतो.

या कल्पनेचं मूळ ठाऊक असेल तर हे लवकर पटतं. न्यूयॉर्क विद्यापीठात कला शिकवणारे डेव्हिड डार्ट्स यांनी २०११ साली पायरेटबॉक्स काढला, म्हणजे इंटरनेटविना वायफायवरून फाइली वाटणारा असाच डबा. तो जेवणाच्या डब्यात बसवलेला होता. पण त्यांनी डबा दडवला नव्हता, वर चाच्यांची कवटी रंगवली होती. म्हणजे ती एक पाटीच होती. त्याआधी २०१० मध्ये आराम बार्थोल या कलाकाराने न्यूयॉर्कच्या भिंतींमध्ये पेनड्राइव्ह सिमेंटने बसवले, फक्त टोक बाहेर. तेही उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. त्या लोकांना वस्तू गुप्त ठेवायची नव्हती. 'हे तुमच्यासाठी आहे' असं अनोळखी माणसाला सांगायचं होतं.

आता तोच जेवणाचा डबा आपल्याकडे आणून बघा. मी पुण्याचा. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत कुणीतरी ठेवून गेलेल्या पिशवीने १७ माणसांचे जीव घेतले. त्याच्या साडेतीन वर्षं आधी, ११ जुलै २००६ ला, मुंबईच्या लोकलचे डबे फुटले होते. 'टिफिन बॉम्ब' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून आला आहे की बाकावरचा एकटा डबा आपल्याला साधा दिसतच नाही. फलाटावर 'बेवारस वस्तूंना हात लावू नका' ही सूचना ऐकत आपण मोठे झालो. न्यूयॉर्कमधली कल्पना जशीच्या तशी आमच्या स्वारगेटच्या बसस्टँडवर चालणार नाही.

तिकडेही ती नेहमी चालते असं नाही. ३१ जानेवारी २००७ ला बॉस्टन शहरात एका वाहिनीच्या जाहिरातीसाठी पुलांखाली दिव्यांच्या पाट्या लावल्या होत्या. दिवे, वायर आणि बॅटऱ्या, एवढंच. पण रस्ते बंद झाले, बॉम्बशोधक पथकं आली, पाट्या लावणाऱ्या दोघांना अटक झाली आणि शेवटी वाहिनीच्या मालक कंपनीने २० लाख डॉलर मोजले.

माझा प्रसंग याहून बराच लहान, पण अजून आठवला की पोटात गोळा येतो. एका तालुक्याच्या बसस्टँडवर सूचनाफलकाच्या वरच्या कडेला मी राखाडी रंगाची प्लॅस्टिकची डबी चिकटवली होती. चोरून नव्हे, तिथल्या साहेबांना विचारून. ते म्हणाले, 'लावा, चांगलं काम आहे.' चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी ड्युटी बदलली. नव्या माणसाला फलकावर हिरवा ठिपका लुकलुकताना दिसला. त्याने जे करायला हवं तेच केलं, फोन लावला. सगळा स्टँड रिकामा केला, गाड्या बाहेर थांबवल्या. एक आजी दोन पिशव्या तशाच टाकून, नातवाला कडेवर घेऊन पळाल्या. मी पोचेपर्यंत पाऊण तास झाला होता. कुणी मला मारलं नाही, गुन्हाही नोंदवला नाही. पण त्या आजींचा चेहरा मी विसरू शकत नाही. पुस्तकं वाटायला निघालो होतो आणि भीती वाटून आलो.

त्या दिवसापासून तीन गोष्टी मी कधी सोडल्या नाहीत. परवानगी लेखी घ्यायची, कारण तोंडी परवानगी ड्युटीबरोबर घरी जाते. डबीवर माझं नाव, फोन नंबर आणि 'यात पुस्तकं आहेत, इंटरनेट नाही' ही ओळ ठळक मराठीत लिहायची. आणि दिवा बंद करायचा. पायच्या सेटिंगमध्ये तो बंद करता येतो, तेही जमलं नाही तर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा पुरतो. माझं सगळं म्हणणं याच धाग्यावर आहे: वस्तू नजरेआड असली तरी तिचा मालक नजरेआड असता कामा नये. खालची प्रत्येक कल्पना याच कसोटीवर निवडली आहे.

माझी सगळ्यांत लाडकी जागा म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. महाराष्ट्रात एकही चहाचं दुकान, किराणा किंवा पिठाची गिरणी कॅलेंडरशिवाय नसते. ते जानेवारीत खिळ्याला अडकवलं की डिसेंबरपर्यंत कुणी हलवत नाही. कागदाचा सिग्नलला काहीही अडथळा नसतो. शेजारी बहुतेक वेळा प्लगही असतो, म्हणजे बॅटरीचा प्रश्नच मिटला. आणि दुकानाला मालक असतो, तुमच्या वस्तूकडे लक्ष ठेवणारा.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हाचा संवाद असा झाला. 'मामा, तुमच्या कॅलेंडरमागे एक चपटी डबी लावू का? मोबाइलवर पुस्तकं येतात त्यातून.' मामांनी गाळणी बाजूला ठेवली. 'करंट किती खाते?' 'मोबाइलच्या चार्जरपेक्षा कमी.' 'आणि गिऱ्हाईक तासन्‌तास बसून राहिलं तर?' हा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, पुस्तक उतरवायला मिनिटही लागत नाही, वाचायचं घरी जाऊन. 'मग लाव,' म्हणाले.

त्या पहिल्या डबीत मी एक चूक केली होती. कॅलेंडर हे नुसतं बघायचं नसतं, त्यावर लिहायचंही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मामा रोज सकाळी तारखेच्या चौकटीत दुधाचे लिटर लिहीत, सिलिंडर लावला की गोल करत. कॅलेंडरमागे पोकळी, त्यामुळे बॉलपेन कागद फाडून आत गेलं आणि नेमकं केबलवर टेकलं. तेव्हापासून मी २० मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट करतो, तिच्या पुढच्या बाजूला ३ मिलिमीटरची एमडीएफची फळी ठोकतो आणि तिच्यावर कॅलेंडर टांगतो. लिहायला टणक पाट मिळतो. मामांना ती फळी इतकी आवडली की डबी काढली तरी पाट ठेव म्हणाले. भिंत ओल धरणारी असेल तर चौकटीच्या चारी कोपऱ्यांना रबरी बूच लावा, मागून हवा खेळली पाहिजे.

एक जानेवारीची गंमतही ध्यानात ठेवा. एका ठिकाणी मालकाच्या पुतण्याने नवं कॅलेंडर लावायला जुनं काढलं आणि डबी उघडी पडली. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण समोर माझं नाव आणि नंबर लिहिलेला होता, म्हणून त्याने थेट मलाच फोन केला. 'काका, ही तुमची पुस्तकांची पेटी कुठे ठेवू?' बसस्टँडवरच्या डबीवर नाव-नंबर असता तर तिथूनही असाच फोन आला असता.

दुसरी कल्पना पोखरलेल्या वहीची. ही वाचनालयासाठी, झेरॉक्सच्या दुकानासाठी किंवा कॉलेजच्या ग्रंथपालांच्या टेबलासाठी. चांगलं पुस्तक कृपा करून कापू नका. रद्दीवाल्याकडे जुन्या खतावण्या मिळतात, कापडी पुठ्ठ्याच्या, लाल पाठीच्या. तशी एक घ्या. वरची दहा-पंधरा पानं मोकळी सोडा. बाकी पानांच्या तिन्ही कडांना फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून ब्रशने दोन हात द्या, वर वजन ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. मला पावसाळ्यात चार दिवस लागले आहेत. घाई केली की पानं आतून फुगतात. मग चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटरची कड राखून कटरने आतला भाग काढायचा, एका वेळी दहा-बारा पानं, पट्टी न हलवता. हात दुखतो, पण पाती सारखी बदलली तर कड सुबक येते.

खाचेत पाय झीरो डब्ल्यू (पायचाच वायफाय असलेला छोटा प्रकार) आणि चपटी पॉवरबँक शेजारी शेजारी ठेवा. हा बोर्ड ६५ बाय ३० मिलिमीटरचा, चुइंगमच्या पाकिटाएवढा. त्याचा अँटेना बोर्डावरच कोरलेला असतो, जोडणीच्या दोन खोबणींमध्ये एक छोटा त्रिकोण दिसतो तोच. तो पॉवरबँकेच्या बाजूला येऊ देऊ नका, कारण बँकेचं कवच आणि आतल्या सेल धातूच्या असतात. त्रिकोण पानांच्या बाहेरच्या कडेकडे राहिला की निम्मं काम झालं. पुठ्ठ्याच्या पाठीला आतून चार भोकं पाडा, उष्णता बाहेर जायला. वही पुन्हा कपाटात उभी केली की वजनसुद्धा वहीइतकंच लागतं. मुखपृष्ठाच्या आत, उघडताच दिसेल असं, तेच नाव-नंबरचं लेबल हवंच.

लाकडी खोक्याचा जुना रेडिओ हीही उत्तम जागा, खास करून सलूनमध्ये. तिथे नंबर लागेपर्यंत माणूस अर्धा तास मोबाइलच बघत असतो. आतलं लोखंडी चासी आणि स्पीकर काढून टाका, नाहीतर सिग्नल अडतो. पुढची जाळीची फडकी तशीच ठेवा. फार सांगण्यासारखं काही नाही, ठेवला आणि चालला.

बागेसाठी लोक चिमणीच्या लाकडी घरट्याची कल्पना सुचवतात. मीही एका सोसायटीच्या बागेत, समितीची चिठ्ठी घेऊन, तसं केलं होतं. तोंडाचं भोक उघडं ठेवलं, कारण खरं दिसायला हवं. मार्चमध्ये चिमणीने त्यात काड्या आणायला सुरुवात केली. बोर्डाच्या उबेवर गवत, कापूस, पिसं. मी डबा त्याच दिवशी काढला आणि घरटं तिला सोडून दिलं. तुम्ही केलंत तर भोकाला आतून लाकडी चकती ठोका. पण खरं सांगू का, ज्या शहरात चिमण्यांना जागा उरली नाही तिथे खोटं घरटं टांगायला माझं मन पुन्हा धजावलं नाही.

सगळ्यांत सुरक्षित वेश मात्र माणूसच. डबा खांद्यावरच्या शबनममध्ये ठेवा आणि तुम्ही बसा तिथे वाचनालय सुरू. वारीत मी हेच करतो. आळंदीहून निघालेली पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला येते तेव्हा त्या गर्दीत मोबाइलला धड रेंज नसते. अशा वेळी तंबूबाहेर बसून 'दादा, तुकोबांची गाथा हवी का मोबाइलवर?' असं विचारलं की लोक आपसूक जवळ येतात. एका बाईंनी तर सगळ्या दिंडीला पुरेल म्हणून स्वतःच्या मोबाइलवर उतरवून पुढे ब्लूटूथने वाटली. झोळी अंगाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, त्यामुळे पाठीवर टाकलेल्या झोळीचा सिग्नल पुढच्या माणसाला निम्मासुद्धा मिळत नाही. वारीतलीच आणखी एक गोष्ट: बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात, त्यात डबी बसवायची कल्पना मला एकाने सुचवली होती. मी नको म्हटलं. दानपेटी, देव्हारा, तुळस, पादुका यांत यंत्र लपवू नये. ज्याची श्रद्धा आहे त्याला कळलं तर फसवल्यासारखं वाटणार, आणि ते वाटणं योग्यच आहे.

पाण्यावरून कुंडीचं सांगतो. प्लॅस्टिकच्या कुंडीत खोटा तळ करून खाली डबी ठेवता येते, पण वर ओली माती आली की सिग्नल मरतो. कुंडी हवीच असेल तर कोरडे दगड आणि कापडी फुलं. आणि स्टीलचा डबा तर विसराच. घरातला नेहमीचा जेवणाचा डबा घ्या, पाय आत ठेवा, झाकण नुसतं टेकवा: मोबाइलवरच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतील. झाकण घट्ट लावा आणि चार पावलं मागे जा: नेटवर्कचं नाव यादीतून गायब. हा प्रयोग दोन मिनिटांत होतो, शाळेतल्या मुलांना तर मी मुद्दाम दाखवतो. लाकूड, कागद, कापड, साधं प्लॅस्टिक, कोरडा पुठ्ठा चालतो. धातू, पाणी आणि आरसा चालत नाही.

उष्णतेकडे लोक दुर्लक्ष करतात. पाय झीरो स्वतः फार तापत नाही, पण लिथियमची पॉवरबँक बंद खोक्यात, एप्रिलच्या उन्हात, विदर्भात किंवा खानदेशात ठेवणं म्हणजे आगीशी खेळ आहे. उन्हात ठेवायचंच नाही, आणि जिथे माणूस नाही तिथे पॉवरबँक चार्जिंगला लावून जायचं नाही. साधारण १०,००० एमएएचची चांगली बँक झीरो डब्ल्यूला दिवसभर सहज पुरते. अडचण वेगळीच येते: हा बोर्ड इतका कमी करंट घेतो की काही बँकांना वाटतं मोबाइल भरला, आणि त्या आपणहून बंद पडतात. विकत घेण्याआधी बोर्ड लावून तासभर चालवून बघा. आणि मेमरी कार्ड फक्त-वाचनाच्या सेटिंगवर टाका, नाहीतर कुणी वायर उपटली की कार्ड बिघडतं. माझी पहिली तीन कार्डं अशीच गेली.

सॉफ्टवेअरचं तुम्ही विचारलेलं नाही, पण पायरेटबॉक्स शोधत असाल तर त्याचं काम २०१९ मध्येच थांबलं. राउटर कंपन्यांनी आपले राउटर, त्यांत दुसरं सॉफ्टवेअर टाकता येऊ नये असे, कुलूपबंद करत नेले आणि ब्राउझर कुलूपवाल्या (https) पत्त्यांचा आग्रह धरू लागले, ही त्यामागची मुख्य कारणं. आता पायची स्वतःची साधी प्रणाली (पाय ओएस), त्यावर हॉटस्पॉट आणि एक छोटा वेबसर्व्हर पुरतो. मराठी विकिपीडिया सोबत हवा असेल तर किविक्स हे विकिपीडिया इंटरनेटविना वाचायचं सॉफ्टवेअर वापरा.

डबा दिसत नाही, मग लोकांना तो सापडणार कसा? नेटवर्कच्या नावावरून आणि पाटीवरून. नाव ३२ बाइटच्या आत बसावं लागतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. 'मोफत पुस्तकं' हे ३४ बाइट होतं, बसत नाही. 'मोफत पुस्तक' ३१ होतं, बसतं. एका अनुस्वाराने मी अर्धी रात्र घालवली होती. काही जुन्या मोबाइलवर देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून वयस्कर वस्तीत मी नाव रोमन लिपीतच ठेवतो. दुकानाच्या काउंटरवर हाताएवढी पाटी ठेवा, तिच्यावर क्यूआर कोड. आणि खाली एक ओळ लिहायला विसरू नका: 'इंटरनेट नाही, तरी जोडायचं का? असं मोबाइलने विचारलं तर हो दाबा.' ही ओळ नसेल तर दहातले सात जण 'नाही' दाबतात आणि डबा बिघडलाय समजून जातात. एका वेळी आठ-दहा मोबाइल जोडले की झीरो डब्ल्यूचा श्वास कोंडतो, तेही मालकाला आधीच सांगून ठेवा.

आत काय ठेवायचं यावर मी कडक आहे. लोकांना फाइल वर चढवू देण्याची सोय मी बंद ठेवतो. जेसन ग्रिफी या ग्रंथपालांनी पायरेटबॉक्सवरून २०१२ मध्ये लायब्ररीबॉक्स केला तेव्हा नेमकं हेच काढून टाकलं होतं, आणि त्याचं मोल मला अनुभवाने कळलं. माझ्या एका उघड्या डब्यात तिसऱ्याच दिवशी कुणीतरी घाणेरडे व्हिडिओ टाकले. तो डबा शाळेसमोरच्या दुकानात होता. अश्लील मजकूर पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, आणि डब्यावर नाव तुमचं आहे. तुमच्याही आधी दुकानदाराला उत्तर द्यावं लागेल.

पुस्तकं स्वामित्वहक्कातून मुक्त झालेलीच घ्या. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांनी आपल्या हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०११ पासून मोकळं आहे. संतसाहित्य तर आहेच. केशवसुत, बालकवी, हरिभाऊ आपटे, सगळे मोकळे. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांना अजून थांबावं लागेल. लोक सिनेमे मागतात, चालू पुस्तकांच्या पीडीएफ मागतात. मी नाही म्हणतो, कारण तसलं एक पान जरी सापडलं तरी पुढच्या वेळी ग्रंथपाल दारात उभं करणार नाही.

वायरलेसच्या परवान्याची धास्ती मात्र नको. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ पासून परवाना लागत नाही. तुमचा पाय त्या मर्यादेच्या खूपच खाली आहे.

आता तुम्ही विचारलेल्या जागांचं. बसस्टँड: नको, लेखी परवानगी असली तरी नको. रेल्वे, मेट्रो, मंदिराची गर्दी, रुग्णालय, एटीएम, महावितरणचा खांब किंवा मीटरची पेटी, यांतलं काहीच नको. आगीचा अलार्म, सीसीटीव्ही, अग्निशामक नळकांडं असलं सुरक्षेचं सोंग घेतलेली खोकी नेटवर दिसतात, तीही नको. खऱ्या संकटात कुणीतरी त्यावर विसंबेल. सार्वजनिक बागेचं परिस्थितीवर आहे: माळी किंवा रखवालदार कायमचा असेल, त्याच्या खोलीत डबी राहू शकत असेल तर चालेल. सिग्नल खिडकीतून बाकापर्यंत पोचतो, मी १५-२० पावलांपर्यंत वापरला आहे. बाग रात्री उघडी आणि सुनी असेल तर सोडून द्या.

कॉलेजचा कट्टा ही तुमच्या यादीतली सगळ्यांत चांगली जागा आहे, पण डबा कट्ट्यावर ठेवू नका. कट्ट्यासमोर चहावाला किंवा झेरॉक्सवाला असणारच. उद्या त्याच्याकडे चहा घ्या, भिंतीकडे बघा. कॅलेंडर टांगलेला खिळा, त्याच्यापासून प्लग किती अंतरावर आहे ते, आणि त्या भिंतीला पंख्याचं किंवा फ्रिजचं पत्र्याचं अंग लागून आहे का, एवढं टिपून इथे लिहा. चौकटीची मापं मी काढून देतो. खतावणी करणार असाल तर रद्दीवाल्याकडे ३०० पानांच्या वरची मागा, त्याहून पातळ वहीत पॉवरबँक बसत नाही.